सागरसफर : बंदर कोणते आणि दिवस किती?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला परदेशप्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत सदतीस वर्षे खडू झिजवलेला मनुष्य. माझ्याहून अधिक शिकलेले आणि अधिक देश पाहिलेले अनेक सभासद ह्या सभागृहात बसलेले आहेत. परंतु चूक करून शिकलेला मनुष्य कधीकधी विद्वानापेक्षा उपयोगी पडतो, एवढ्याच भरवशावर मी उभा आहे.

आज आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांतील मुलेमुली अमेरिकेत नोकरीस आहेत. आईवडील तिकडे गेले म्हणजे त्यांना अलास्काची सागरसफर घडवावी, अशी हौस त्या मुलांना असते. हौस स्तुत्य आहे. प्रश्न येतो तो निवडीचा. बोट कोणत्या बंदरातून पकडावी आणि किती दिवसांची असावी? दिसावयास हा प्रश्न किरकोळ आहे. तो मीही किरकोळच मानला, आणि फसलो.

2023 सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता सिअ‍ॅटलजवळ चिरंजीवांकडे होतो. त्याने आमच्यापुढे चार सफरी ठेवल्या. पहिली सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटलला परत, सात रात्रींची. दुसरी कॅनडातील व्हँकुव्हरहून निघून तेथेच परत, तीही सात रात्रींची. तिसरी व्हँकुव्हरहून उत्तरेस अलास्कातील स्यूअर्ड किंवा व्हिटियर बंदरापर्यंत एकेरी, पुन्हा सातच रात्रींची. चौथी सॅन फ्रान्सिस्कोहून जाऊन-येऊन दहा रात्रींची. मी दर पाहिले. सिअ‍ॅटलची बोट सर्वांत स्वस्त, आणि धक्का मुलाच्या घरापासून अर्ध्या तासावर. पाव तासात मी निर्णय दिला. सौभाग्यवती स्वयंपाकघरात होती. तिला मी निर्णय कळवला, विचारले नाही.

आता थोडे मागे जावे लागेल. आमच्या सौभाग्यवतीचे माहेर देवगडच्या बाजूचे. तिच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आगबोट जात असे. बंदर आले की बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्यास लागत. आपल्यापैकी पिकल्या केसांच्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. त्या प्रवासात हिला दरवेळी बोट लागे. मुंबईचा दीपस्तंभ मागे पडला की आईच्या मांडीवर डोके ठेवून ती पडून राही. ही गोष्ट तिने मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सांगितली होती. मी ती विसरलो होतो.

सिअ‍ॅटलहून आमची बोट दुपारी सुटली. संध्याकाळी सर्व कसे रम्य होते. रात्री बोट उघड्या समुद्रात शिरली आणि डोलू लागली. दुसरा दिवस संपूर्ण तसाच गेला. हिने अंथरूण सोडले नाही. आल्याच्या वड्या, लिंबू, बोटीवरील गोळ्या, सर्व झाले. तिसऱ्या दिवशी अलास्काच्या बेटांमधील शांत पाण्यात बोट आली तेव्हा कोठे ती उठून बसली. पुढचे चार दिवस सुखाचे गेले. हिमनदीसमोर आम्ही कठड्याशी उभे होतो. निळसर बर्फाचा एक कडा तुटून पाण्यात पडला, आणि त्याचा गडगडाट क्षणभराने आमच्यापर्यंत पोहोचला. हिने काही न बोलता माझा हात धरला. त्या क्षणी मला वाटले, निवड बरोबर झाली.

परंतु परतीचा समुद्र तोच होता. पुन्हा एक दिवस, एक रात्र अंथरुणावर. शेवटच्या संध्याकाळी बोट कॅनडातील व्हिक्टोरिया बंदरास काही तास थांबली. तेथे उतरण्याची तिची फार इच्छा होती; तेथील फुलबागांची चित्रे तिने सुनेच्या पुस्तकात पाहिली होती. त्या काही तासांसाठी आम्ही दोघांनी कॅनडाचा व्हिसा काढला होता. तिला उभेही राहवेना. मी एकटा उतरलो, आणि दहा मिनिटांत परत आलो. ती म्हणाली, "अहो, तुम्ही मला एकदा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

सभ्यहो, सदतीस वर्षे मी मुलांना नकाशा शिकवला. परंतु स्वतः प्रवासास निघताना मी फक्त दरपत्रक उघडले, नकाशा उघडलाच नाही. घरी परतल्यावर उघडला, आणि मग सर्व उलगडले. ते आता आपणांस सांगतो.

सिअ‍ॅटल आणि व्हँकुव्हर ही शहरे मोटारीने एकमेकांपासून सुमारे 230 किलोमीटर दूर. मध्ये दोन देशांची सीमा. व्हँकुव्हर शहर मुख्य भूमीवर आहे, आणि त्याच्या पश्चिमेस त्याच नावाचे व्हँकुव्हर बेट पसरलेले आहे. ते सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब, म्हणजे मुंबईपासून पणजीपर्यंतच्या अंतराहूनही काहीसे अधिक. ह्या बेटाची जणू भिंतच झालेली आहे. भिंतीच्या आतील बाजूस, बेट आणि मुख्य भूमी ह्यांच्यामध्ये, अरुंद व बहुधा शांत जलमार्ग आहे; बाहेरच्या बाजूस उघडा पॅसिफिक महासागर. व्हँकुव्हरहून निघालेल्या बोटी सामान्यतः आतून जातात, सिअ‍ॅटलच्या बहुतेक बोटी बाहेरून. रात्री तितक्याच, पण समुद्र निराळा.

आतील मार्गही सदैव सोपा नव्हता. सीमूर नॅरोज नावाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत पाण्याखाली एक खडक होता, त्यावर अनेक जहाजे फुटली. 1958 साली त्याच्या पोटात सुरुंग ठासून तो उडवून देण्यात आला. तेथे भरती-ओहोटीचा ओढा आजही इतका जबर असतो की मोठ्या बोटी पाणी स्थिरावण्याची वेळ साधून तेथून जातात. शिवाय बेट संपल्यावर काही तास उघडा समुद्र लागतोच. तेव्हा व्हँकुव्हरहून बोट मुळीच लागत नाही, असे मी म्हणणार नाही. काही तासांचा त्रास आणि दीड दिवसाचा त्रास ह्यांत अंतर आहे, एवढेच म्हणतो.

आता कोणी विचारील की सिअ‍ॅटलची बोट व्हिक्टोरियास का थांबते? त्याचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेने 1886 साली असा कायदा केला की परकीय निशाणाच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात उतारू नेऊ नयेत. ह्या मोठ्या बोटी बहुतेक परकीय निशाणाच्या असतात. अमेरिकन बंदरातून निघून तेथेच परत यावयाचे, तर वाटेत एखाद्या परक्या देशाचे बंदर लागलेच पाहिजे. म्हणून व्हिक्टोरिया. महासाथीच्या काळात कॅनडाने आपली बंदरे बंद ठेवली, तेव्हा 2021 साली अमेरिकेच्या कायदेमंडळास तात्पुरती सवलत देणारा स्वतंत्र कायदा करावा लागला; त्याशिवाय त्या वर्षी ह्या मोठ्या बोटींना सिअ‍ॅटलहून अलास्कास जाता आले नसते. व्हँकुव्हरहून स्यूअर्डपर्यंतची एकेरी सफर परदेशातूनच सुरू होते, म्हणून तिला ही अडचण येत नाही.

ह्यातून आपल्या मंडळींनी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिअ‍ॅटलची सफर अमेरिकेतल्या अमेरिकेत आहे, असे समजून भारतीय पारपत्रधारकाने निश्चिंत राहू नये. कॅनडाचा व्हिसा तिलाही लागतो, आणि अमेरिकेत पुन्हा प्रवेश देणारा व्हिसाही हाती असला पाहिजे.

दिवसांचा हिशेबही असाच फसवा आहे. सात रात्री म्हणजे सात दिवस अलास्का नव्हे. सिअ‍ॅटलच्या सफरीत साधारणतः जाताना एक दिवस समुद्रात, येताना एक दिवस समुद्रात. मधे जुनो, केचिकन, स्कॅगवे अशी तीनेक बंदरे आणि हिमनदीचा एक दिवस. सॅन फ्रान्सिस्कोच्या दहा रात्री ऐकावयास मोठ्या वाटतात. परंतु ते बंदर इतके दक्षिणेस आहे की वाढीव दिवस बहुतांशी पाण्यावरच खर्च होतात. ज्यांस समुद्र हाच आनंद आहे त्यांनी ती सफर अवश्य घ्यावी. अलास्काची भूमी अधिक पाहावयास मिळेल, ह्या समजुतीने घेऊ नये.

एकेरी सफर सर्वांत दूर उत्तरेस नेते. पुढे अँकरेजला जाऊन आगगाडीने डेनाली पर्वताकडे जाता येते. तो उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच, 6,190 मीटरांचा. परंतु स्यूअर्डहून अँकरेज सुमारे 200 किलोमीटर, तेथून विमानाचे भाडे निराळे, आणि वाटेत अलास्काच्या आखाताचा उघडा समुद्र ओलांडावा लागतो. पाय धड असलेल्या, बोट न लागणाऱ्या जोडप्याने ती घ्यावी.

हिमनदी कोणती, हेही विचारावे. ग्लेशियर बे ह्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोनच मोठ्या बोटींना प्रवेश असतो, म्हणून प्रत्येक सफर तेथे जात नाही. 1794 साली त्या उपसागराच्या मुखापाशीच बर्फ होते. 1916 पर्यंत ते सुमारे शंभर किलोमीटर मागे हटले होते. हे नातवंडांना दाखविण्यासारखे आहे.

सारांश, निवड करताना क्रम असा असावा. प्रथम नकाशा उघडून बोट कोठून कशी जाणार ते पाहावे. मग दिवस मोजावे, पण जमिनीचे निराळे आणि पाण्याचे निराळे. मग बरोबर येणाऱ्यांपैकी सर्वांत अशक्त कोण, त्याच्या सोयीने बंदर ठरवावे. बोट लागत असेल तर खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी घ्यावी. तेथे हेलकावे कमी. शाकाहारी भोजनाची सूचना आधी द्यावी, आजारपणाचा विमा उतरवावा, आणि निघण्याच्या बंदरी एक दिवस आधी पोहोचावे. दर सर्वांत शेवटी पाहावा. मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या बोटीसही हाच नियम लावावा.

आमच्यापुरते म्हणाल, तर व्हँकुव्हरहून व्हँकुव्हरची सफर आम्हांस योग्य होती. मोटारीचे तीन तास आणि थोडे पैसे अधिक गेले असते. हिला तिचे व्हिक्टोरिया मिळाले नसते, पण अंथरुणावरचे ते दिवसही आले नसते. कदाचित तिने व्हिक्टोरियाच पत्करले असते. ते मला ठाऊक नाही, कारण मी विचारले नाही. आज ती ह्याच सभागृहात, तिसऱ्या रांगेत बसलेली आहे. पुढच्या वर्षी चिरंजीवांकडे जाण्याचा योग आला, तर बंदर तीच ठरवील, असे मी आपणां सर्वांच्या साक्षीने जाहीर करतो.