पोथी वाचणारे आणि ऐकणारे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवृत्तीनंतर मला जुन्या पोथ्यांचा नाद लागला. संयोजकांनी त्यावरच बोलायला सांगितलंय, तेव्हा दहा मिनिटं सोसा!

जुन्या पोथीत दोन शब्दांमध्ये बहुधा जागा नसते. अक्षरं सलग. समजा, ‘बाबाजीवनातरमले’ असं लिहिलंय. बाबाजी वनात रमले की बाबा जीवनात रमले? हे वाचणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे शब्द तोडतानाच अर्थ लावायला सुरुवात. त्यामुळे मोठ्यानं वाचणं आलं. कान सांगतो कुठं तोडायचं ते. शिवाय वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास. त्यांतल्या कित्येकांना अक्षर येत नसे, पण ओव्या तोंडपाठ असत. त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ज्ञानेश्वरी तर श्रोत्यांसमोर सांगितलेलाच ग्रंथ. शके १२१२, म्हणजे १२९०. पुढं नकलांवरून नकला झाल्या. जुना शब्द कळेना, की लेखनिक ओळखीचा घाली. एखादा भाविक स्वतःची ओवीही जोडी. मला या माणसाचा राग येत नाही. ग्रंथ त्याला इतका आपला वाटला, की त्यात आपलंही काही असावंसं वाटलं! पण अशानं मूळ शब्दच हरवू लागला. पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी पाठ पारखून ग्रंथ शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, असं कडक शब्दांत बजावलं. पाठचिकित्सा ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट, असं मानणाऱ्यांनी एवढी तारीख लक्षात ठेवावी.

तरी वाद मिटला नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळ्या, जुन्या वळणाच्या पाठाची ज्ञानेश्वरी छापली, आणि माउलींचा शब्द नेमका कोणता यावर अभ्यासक आजही भांडतात. भांडू देत. वाचताहेत तोवर भांडणार.

आता एक काम सांगतो. तुमच्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली पोथी असेल. जीर्ण झाली म्हणून ती नदीत सोडायची आपल्याकडे रीत आहे. सोडण्याआधी निदान पानापानाचा मोबाइलवर फोटो काढा. शेवटचं पान विसरू नका. नकलाकाराचं नाव, गाव, शक बऱ्याचदा तिथंच असतं. आणि जमलं तर पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी दाखवा. वाचता आली नाही, तर मला बोलवा. जेवण मात्र तुमच्याकडे.