विकत घेतलेला माळ



झाड तोडलं तर चार माणसं हळहळतात. माळावर नांगर फिरला तर मात्र जमीन लागवडीखाली आली म्हणून समाधान मानलं जातं. माळाच्या वाट्याला ही उपेक्षा सगळीकडेच येते. आज मी सांगणार आहे ती हकीकत अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची, मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या गवताळ पट्ट्याची आणि तिथल्या ॲटवॉटर प्रेअरी चिकन या रानकोंबडीची.

हा पक्षी गावठी कोंबडीहून लहान, अंगभर तपकिरी आडवे पट्टे. वसंत ऋतूत भल्या पहाटे नर आखूड गवताच्या ठरलेल्या जागी जमतात. मानेवरची लांब पिसं शिंगांसारखी उभी करायची, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिवळ्या-केशरी पिशव्या फुगवायच्या, भराभर पाय आपटायचे आणि खोल आवाजात घुमायचं, असा त्यांचा खेळ चालतो. माद्या तो पाहतात, नर निवडतात आणि उंच, दाट गवतात शिरून अंडी घालतात. नाचायला आखूड गवत, घरट्याला उंच गवत आणि पिलांना पोटभर किडे, हे सगळं एकाच माळावर मिळालं तरच यांचा संसार चालतो.

एकेकाळी टेक्सास आणि लुईझियानाच्या किनाऱ्यालगत असा माळ सुमारे ६० लाख एकर होता. पक्षी दहा लाखांच्या घरात असावेत, असा अंदाज आहे. मग भातशेती आली, ह्यूस्टनसारखी शहरं पसरली, गुरांच्या अति चराईनं कुरणं उजाड झाली. गवताला अधूनमधून लागणारी आग थांबली, तशी काटेरी झुडपं माजली. त्यांतलं एक आपल्या चांगलं ओळखीचं आहे, देवबाभूळ. १९३७ मध्ये शिकार बंद झाली तेव्हा ८,७०० पक्षी उरले होते. आज मूळ माळ शंभरातला एक एकरही शिल्लक नाही.

१९६० नंतरच्या दशकात वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडानं ईगल लेक गावाजवळची सुमारे साडेतीन हजार एकर जमीन देणग्यांच्या पैशातून सरळ विकत घेतली. १९७२ मध्ये तिथं सरकारी अभयारण्य झालं. ते आता दहा हजार एकरांच्या वर गेलं आहे. मला या हकीकतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे खरेदीखत. पक्ष्यासाठी जागा हवी, तर ती रोख पैसे मोजून घेतली. कुणाच्या सातबाऱ्यावर परस्पर शिक्का मारला नाही. आपल्याकडे सोलापूर-नगर भागात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर मुलूख त्यात घेतला गेला. शेतंच्या शेतं आणि गावंच्या गावं आत आली. जमिनीचे व्यवहार अडले, लोक दुखावले, आणि माळढोकाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडू लागल्या. २०१२ मध्ये हद्द साधारण सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणावी लागली. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

पण जमीन घेऊन काम संपत नाही, हेही टेक्सासनंच दाखवलं. अभयारण्य झाल्यावरही पक्षी घटतच राहिले. १९९६ मध्ये रानात अवघे ४२ उरले होते. घरटी होत होती, अंड्यांतून पिलं बाहेर येत होती, पण ती जगत नव्हती. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या तांबड्या आगमुंग्या माळावरचे किडे फस्त करत होत्या, आणि पहिले काही आठवडे पिलांचा जीव त्या किड्यांवरच असतो. मुंग्यांना आमिषातून विष घातलं, तिथं किडे वाढले आणि पिलंही जास्त जगली. फॉसिल रिम हे खासगी वन्यप्राणी केंद्र, ह्यूस्टनचं प्राणिसंग्रहालय अशा ठिकाणी पक्षी वाढवून रानात सोडले जातात. सोडण्याआधी त्यांना काही दिवस माळावरच जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. मादी पिलं घेऊन असली, की कर्मचारी आणि स्वयंसेवक गवतावरून कापडी जाळी फिरवतात, नाकतोडे, टोळ गोळा करतात आणि त्या पिलांना नेऊन घालतात. उन्हातान्हात चालणारं हे काम आहे. याशिवाय ठरावीक पट्टे जाळायचे, झुडपं काढायची, गुरं किती चारायची ते ठरवायचं. देणगीदार जमिनीसाठी हौसेनं पैसे देतात, पाटीवर नाव येतं. मुंग्यांच्या विषासाठी आणि जाळी धरणाऱ्यांच्या पगारासाठी तितक्याच मोकळ्या हातानं देणारे माझ्या मते त्यांच्याहून मोठे.

शिवाय एकच राखीव जागा पुरत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाचा पाऊस कोसळला, ईगल लेकचा माळ पाण्याखाली गेला आणि तिथले बहुतेक पक्षी एका फटक्यात गेले. याच कोंबडीची मॅसॅच्युसेट्सकडची भावंडं, हीथ हेन, मार्थाज व्हिनयार्ड या एकाच बेटावर उरली होती. तिथं त्यांच्यासाठी १९०८ मध्ये राखीव क्षेत्रही केलं होतं. १९१६ च्या वणव्यानं त्यांचा कणा मोडला आणि शेवटचा नर १९३२ मध्ये दिसेनासा झाला.

टेक्सासचा पक्षी हार्वेतून वाचला, कारण पैदास केंद्रांत पक्षी होते आणि दुसरा माळही होता. गोलियाड परगण्यातल्या पशुपालकांच्या खासगी कुरणांवर २००७ पासून पक्षी सोडले जात आहेत. तिथं जमीन मालकाचीच राहते, गुरं चरतात, धंदा चालतो. मालकाशी सरकार लेखी करार करतं, की तुम्ही गवत राखलंत आणि त्यामुळे पक्षी वाढले, तर त्या वाढलेल्या पक्ष्यांपायी तुमच्यावर नवी बंधनं येणार नाहीत. मालकाची भीती गेली, की पक्षी त्याला नकोसा होत नाही. २०२१ च्या वसंतात दोन्ही ठिकाणांची मोजणी पावणेदोनशेच्या आसपास गेली. कित्येक वर्षांत एवढे पक्षी दिसले नव्हते.