कानावर पडलं, पण ऐकलं का?

घाटकोपरहून मुलुंडकडे निघालेली लोकल डोळ्यांसमोर आणा. पंख्यांची घरघर, भजनी मंडळाचे टाळ, शेजारच्याचा फोन, सगळं कानावर पडत असतं. त्या गलक्यातही 'पुढील स्टेशन भांडुप' ही घोषणा भांडुपला उतरणारा नेमकी टिपतो. कान सर्वांचेच उघडे, निवड मात्र मन करतं. ऐकणं तिथून सुरू होतं.

घरी मुलगी म्हणते, "आई, आज शाळेत बरं नाही वाटलं." भाजी चिरता चिरता आपण लगेच सांगतो, "डबा वेळेवर खात जा." शब्द पोचले, अर्थ राहिला. बरं न वाटणं पोटातलं की मनातलं, हे विचारलंच नाही. मराठीत 'माझं ऐक' म्हणजे 'मी सांगते तसं कर'. कदाचित म्हणूनच आपल्याला ऐकण्यापेक्षा सांगण्याची घाई असते.

कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये 'सक्रिय श्रवण' ही पद्धत मांडली. सल्ला बाजूला ठेवायचा, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्यालाच सांगायचं आणि "असंच ना?" असं विचारायचं. शेवटचा प्रश्न सर्वात मोलाचा, कारण चुकलेला अर्थ तिथेच दुरुस्त होतो. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही समुपदेशनाची फोनसेवा सुरू केली. तिथे ऐकणं हेच मुख्य काम.

मनावर ओझं असेल आणि घरात ऐकणारं कुणी नसेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक लिहून ठेवा: १४४१६. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.