चिमीवरचा आळ

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेले भाषण)



‘तुमच्या छंदाविषयी दहा मिनिटं बोला’ असा हुकूम सुटला, तेव्हा मी म्हटलं, माझा कसला छंद? घरात एक मांजर आहे आणि एक माशांची टाकी. दोन्ही मी आणलेली नाहीत. टाकी मुलाची. तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. “बाबा, रोज चिमूटभर खाणं घाला, बाकी काही करू नका,” एवढंच सांगून गेला. मांजर पावसाळ्यात जिन्यात सापडलं, मुठीएवढं. आमच्या हिने टॉवेलात गुंडाळून वर आणलं. तीच चिमी. बी विंगमधल्या बहुतेक दारांत तिची हजेरी लागलेली आहे, तेव्हा अधिक ओळख नको.

टाकी दोन फुटी, साठेक लिटर पाण्याची. आत गप्पी, मॉली आणि निऑन टेट्रा. हे मासे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या उष्ण भागातले, निऑन तर थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्यांना 24 ते 28 अंशांचं कोमट पाणी मानवतं. चिमी तासन्‌तास टाकीसमोर बसायची. येणारा-जाणारा विचारायचा, “खात नाही का हो?” मी हसून सोडून द्यायचो, पण मनात शंका होतीच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. मुलगा येणार म्हणून एका रविवारी मी टाकी लख्ख करायला घेतली. मासे बादलीत काढले. सगळं पाणी ओतून दिलं. वाळू घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला आणि ताजं पाणी भरलं. धुताना काचेच्या झाकणाला तडा गेला, म्हणून ते बाजूला ठेवलं. टाकी अशी झगमगत होती की शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

मंगळवारी सकाळी उठून पाहतो तर फरशीवर दोन गप्पी मरून पडलेले आणि शेजारी चिमी. आणखी पुरावा कशाला हवा? बुधवारी तीन मासे टाकीतच मेलेले दिसले, तरी माझा राग चिमीवरच. तिला पिशवीत घातलं आणि म्हटलं, “मासळी बाजारात सोडून येतो. खा म्हणावं पोटभर.” आमची ही दारात उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. लग्न झालेल्यांना कळेल, ही बोलत नाही म्हणजे काय.

जिन्यात ए विंगमधला एक कॉलेजकुमार भेटला. त्याच्याही घरी टाकी आहे. पिशवीतलं म्याव ऐकून त्याने चौकशी केली. मी हकिगत सांगितली.

“काका, तिने मासे खाल्ले का?”

“नाही, नुसते मारले.”

“अंगावर दाताची खूण होती?”

मी गप्प.

“आणि टाकीतले तीन? ते कोणी मारले?”

तो घरी आला, टाकीतलं थोडं पाणी नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. म्हणजे अमोनिया. मग त्याने मला शाळेतल्या मुलासारखं समजावलं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. स्पंजवर आणि वाळूत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी; नायट्रेट थोडं असेल तर चालतं, आणि पाणी बदललं की कमी होतं. जिवाणूंची ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती एका सकाळीत धुऊन टाकली होती! उरलेल्यांवर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. गुदमरलेल्या गप्पींनी उडी मारली आणि झाकण नव्हतं. चिमी बिचारी काय पडलं ते बघायला आली असणार.

पिशवी मीच उघडली. ती बाहेर आली आणि थेट सोफ्याखाली गेली. दोन दिवस माझ्या हातून काही खाल्लं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस रोज पाव टाकी पाणी बदललं, क्लोरीन मारणारे थेंब घालून. खाणं निम्म्यावर आणलं. एकूण नऊ मासे गेले, चौदा वाचले. मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो क्षणभर थांबून म्हणाला, “बाबा, चिमीला काही बोलला नाहीत ना?” मी म्हटलं, “छे, छे!”

आता अनुभवाचे चार बोल. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. मांजर असो-नसो, झाकण हवंच, आणि स्टँड डगमगता नको. भरलेली टाकी ऐंशी किलोच्या आसपास जाते. वायर प्लगच्या खाली झुकवून मग वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. टाकीत औषध घातलं असेल तेव्हा ते पाणी मांजराला पिऊ द्यायचं नाही. आणि हो, आज उरलेलं दूध प्रेमाने चिमीला पाजू नका. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही.

कमिटीला एक विनंती. गच्चीवरच्या टाक्या धुवायच्या असतील किंवा पेस्ट कंट्रोल असेल, तर नोटीस दोन दिवस आधी लावा. टाक्या धुतल्यावर ब्लीचिंग पावडरचा अंश जास्त असतो, त्या दिवशी माशांचं पाणी बदलू नये. फवारणीतली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना फार घातक, आणि त्यांतली काही मांजरालाही सोसत नाहीत. फवारणीच्या वेळी टाकी झाकायची, हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवायचा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो, आणि मांजराला दुसऱ्याच्या घरी न्यायचं. आधी कळलं तर हे जमेल.

शेवटी एक कबुली. मुलगा आज सुट्टीवर आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. बाळा, त्या दिवशी फोनवर मी खोटं बोललो. चिमीला मी फार बोललो होतो. पिशवीतसुद्धा घातलं होतं. तिने मला माफ केलंय, रोज रात्री माझ्याच पायाशी झोपते. आता तूही कर.

दूध निवतंय.