गाण्यातला जोगी आणि ओस पडलेला टिल्ला

(वासंतिक व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव ऐकून येथील काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या उमटल्या असतील. शीतपेयाच्या कंपनीचा लोकगीताशी संबंध तो काय? परंतु हाच प्रश्न घरातील तरुण मुलामुलींना विचारून पाहावा. ‘कोक स्टुडिओ’ हे नाव त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. पंजाबी, सिंधी, बलुची, बंगाली लोकगीतांशी त्यांची पहिली ओळख अनेकदा याच मंचावर झालेली असते. म्हणून या प्रकाराला नावे ठेवण्याआधी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

ही कल्पना जन्मली ब्राझीलमध्ये, २००७ साली. दोन भिन्न धाटणीचे गायक एकत्र आणायचे आणि त्यातून काही नवे घडवायचे, असे तिचे मूळ स्वरूप होते. २००८ मध्ये ती पाकिस्तानात आली आणि तेथे तिचे रूप पालटले. रोहेल हयात या संगीतकाराने गिटार आणि ड्रम्स यांच्या शेजारी ढोलक आणि चिमटा आणून बसवला, दर्ग्यात गाणाऱ्या फकिराला शहरी पॉप गायकाच्या बरोबरीने उभे केले. एकतारी घेऊन गावोगाव गाणारे साईं जहूर २००९ मध्ये या मंचावर आले. २०१० मध्ये आरिफ लोहार यांनी चिमट्याच्या तालावर मीशा शफी यांच्यासह ‘जुगनी’ गायली आणि ती सीमा ओलांडून आपल्याकडील लग्नांच्या वरातीपर्यंत पोहोचली. २०२२ मधील ‘पसूरी’ने तर भारतातील घराघरांत प्रवेश केला, पुढच्याच वर्षी एका हिंदी चित्रपटाने त्याची नवी आवृत्ती काढली. भारतात हा कार्यक्रम २०११ ते २०१५ या काळात चालला आणि २०२३ मध्ये ‘कोक स्टुडिओ भारत’ या नावाने पुन्हा आला. त्यातील आदित्य गढवी यांचे गुजराती ‘खलासी’ सर्वतोमुखी झाले. बांगलादेशच्या आवृत्तीचा आरंभ २०२२ मध्ये हाजोंग या लहानशा जमातीच्या भाषेतील गीताने झाला.

पैसा कशासाठी?

कंपन्या यासाठी पैसा ओततात तो काही लोककलेच्या कळवळ्याने नव्हे. भारतात मद्याच्या जाहिरातींना दूरचित्रवाणीवर बंदी आहे. म्हणूनच २०११ च्या सुमारास व्हिस्कीच्या नाममुद्रा संगीताच्या कार्यक्रमांच्या माथ्यावर झळकू लागल्या, हा योगायोग नव्हे. शीतपेयाला ती बंदी नाही. परंतु तीस सेकंदांची जाहिरात लोक टाळतात आणि गाणे मात्र पुन:पुन्हा ऐकतात, हे व्यापाऱ्याने अचूक ओळखले. मंचाचे नाव हीच जाहिरात झाली. १९७७ मध्ये भारत सोडून गेलेली आणि १९९३ मध्ये परतलेली ही कंपनी आता आपल्याच लोकसंगीताच्या दारातून घरात येते आणि तिला कोणी अडवत नाही.

तरीही न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या मंचाने ध्वनिमुद्रणाचा दर्जा उंचावला. वादकांची नावे पडद्यावर दाखवली. ज्यांच्याकडे शहराने ढुंकूनही पाहिले नव्हते, अशा थरपारकरच्या माई ढाई यांच्यासारख्या वृद्ध मांगणियार गायिकेला २०१५ मध्ये मानाने बसवून ऐकले. पाकिस्तानात बॉम्बस्फोटांच्या भीतीने जाहीर मैफली ओस पडत होत्या, त्या काळात त्याने गायकांना छप्पर दिले. हे काम ना तेथील शासनाने केले, ना समाजाने. कंपनीने ते स्वार्थापोटी केले, पण केले.

मग खटकते ते काय?

रांझा कोणाचा शिष्य?

या मंचावर हीर आणि रांझा यांचे नाव वारंवार येते. जोगी हा शब्दही येतो. तरुण श्रोता तो ऐकतो आणि त्याला ‘सूफी’ असे लेबल लावून पुढे जातो. परंतु हा जोगी कोण? वारिस शाह याने १७६६ मध्ये रचलेल्या ‘हीर’मध्ये हीरचे लग्न दुसरीकडे लावून दिल्यावर रांझा जातो तो टिल्ला जोगियाँ या डोंगरावर, गुरू बालनाथाकडे. तेथे तो कान टोचून घेतो, अंगाला भस्म फासतो, मुद्रा धारण करतो. म्हणजे पंजाबच्या सर्वश्रेष्ठ प्रेमकथेचा मुसलमान नायक मुसलमान कवीच्या लेखणीतून नाथपंथाची दीक्षा घेतो!

हा टिल्ला कल्पनेतला नाही. पाकिस्तानातील झेलम जिल्ह्यात, मिठाच्या डोंगररांगेत तो आजही उभा आहे. गोरक्षनाथांच्या परंपरेतील ते एक अग्रगण्य पीठ होते. गुरू नानकदेव तेथे राहून गेले, अशी श्रद्धा आहे. आणि महाराष्ट्राला तर हे नाते परके वाटण्याचे कारणच नाही. गोरक्षनाथांकडून गहिनीनाथ, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेव, ही गुरुपरंपरा स्वत: ज्ञानेश्वरांनीच ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात सांगितली आहे. ज्या नाथपंथाचा ओघ इंद्रायणीच्या काठी अभंग होऊन वाहिला, तोच झेलमच्या काठी हीर होऊन वाहिला.

१९४७ मध्ये टिल्ल्यावरचे जोगी उठले आणि भारतात निघून आले. शतकानुशतके नांदते असलेले ते पीठ उजाड झाले. आज तेथे मंदिरे आहेत, तळी आहेत, समाध्या आहेत. धुनीजवळ बसणारा कोणी नाही. गाण्यात जोगी आहे, टिल्ल्यावर नाही. या सगळ्या झगमगाटात आपण लक्षात ठेवावे असे जर काही असेल, तर ते एवढेच. कंपनीला जोगी या शब्दाचा नाद विकत घेता येतो. ती धुनी पुन्हा पेटवणे हे तिचे काम नाही आणि तिच्या आवाक्यातलेही नाही.

सिंधचे उदाहरण घ्या. शाह अब्दुल लतीफ भिटाई हा सिंधी भाषेचा मुकुटमणी. तो जोग्यांच्या जथ्याबरोबर बलुचिस्तानातील हिंगलाज मातेच्या यात्रेला गेला होता. त्याच्या ‘शाह जो रिसालो’ या ग्रंथात रामकली नावाचा एक संपूर्ण सूर या जोग्यांच्या गुणगानाला वाहिलेला आहे. ही हिंगलाज माता महाराष्ट्रातील भावसार समाजाची कुलस्वामिनी आहे. सेहवानच्या लाल शाहबाज कलंदराचे जे गीत आज पबमध्येही वाजते, त्यात झूलेलाल हे नाव येते. ते नाव सिंधी हिंदूंच्या आराध्याचे आहे. उपासनापद्धती बदलल्या, तरी संस्कृतीचा प्रवाह तुटला नव्हता, याचे याहून मोठे प्रमाण कोणते हवे? ‘सूफी’ या एका गुळगुळीत शब्दाखाली हे सारे झाकून टाकले की गाणे कोठून आले, हा प्रश्नच उरत नाही.

आणि ज्या सूफी परंपरेचा एवढा उदोउदो होतो, तिची तिच्याच भूमीत काय अवस्था आहे? कव्वाल अमजद साबरी यांनी या मंचासाठी ‘रंग’ गायले. ते प्रसारित होण्याआधीच, २२ जून २०१६ रोजी, कराचीत भर रस्त्यावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी सेहवानच्या दर्ग्यात धमाल चालू असताना आत्मघाती स्फोट झाला आणि ऐंशीहून अधिक भाविक ठार झाले. दुसऱ्याच दिवशी तेथे पुन्हा धमाल झाली. त्या भाविकांच्या धैर्याला वंदन केले पाहिजे. कट्टरतेचा पहिला बळी नेहमी शेजारी ठरतो. पण दुसरा बळी घरातलाच असतो, हा इतिहासाचा दाखला आहे.

रुक स्थानकावरील संध्याकाळ

पहिला बळी कोण होता, हेही विसरता कामा नये. सिंधमध्ये ‘भगत’ नावाचा एक गायनप्रकार होता. अंगात घोळदार जामा, पायात घुंगरू, आणि गात-नाचत रात्रभर चालणारे कथाकथन, असे त्याचे स्वरूप. त्याचे शिरोमणी भगत कंवरराम. त्यांच्या श्रोत्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. त्यांच्या मुखात देवाची भजने होती तसे सूफी कवींचे कलामही होते. मिळालेले दान ते गोरगरिबांना वाटून टाकत. सक्करमध्ये मंझिलगाहच्या प्रश्नावरून वातावरण तापवले गेले होते, त्या दिवसांत, १ नोव्हेंबर १९३९ रोजी, रुक या रेल्वे स्थानकावर त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली.

त्यानंतर आठ वर्षांनी त्यांचे श्रोते निर्वासित होऊन कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडले. त्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. या समाजाने भीक मागितली नाही. शून्यातून बाजारपेठा उभ्या केल्या. पण भगताला लागणारी रात्र, अंगण, ती भाषा समजणारी गर्दी हे सारे सिंधूकाठीच राहिले. १९६७ मध्ये सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, परंतु अनुसूचीत नाव असणे वेगळे आणि नातवाच्या ओठांवर शब्द असणे वेगळे. आज त्या समाजातील एखाद्या तरुणाला आजोबांच्या भाषेतील गाणे ऐकावेसे वाटले, तर ते त्याला शीतपेयाच्या मंचावरून येऊन मिळते. ते सुरेल असते, याबद्दल वाद नाही. पण आजोबांचे गाणे पाहुण्याच्या हातून परत मिळावे, यात आनंद किती आणि विषाद किती, याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

यजमान कोठे गेला?

या प्रश्नाचे उत्तर राजस्थानच्या वाळवंटात सापडते. जैसलमेर-बाडमेरचे मांगणियार हे धर्माने मुसलमान. त्यांचे यजमान बहुतांशी राजपूत. यजमानाच्या घरी जन्म असो वा विवाह, मांगणियार आला नाही तर तो प्रसंग पुरा होत नाही. यजमानाची वंशावळ त्याला मुखोद्गत असते. कमायचा आणि खडताल यांच्या साथीने तो कृष्णाची आणि देवीची भजने गातो. मोबदल्यात धान्य, पशू, वस्त्र आणि वर्षानुवर्षांची हमी. ही व्यवस्था निर्दोष नव्हती; तिच्यात उच्चनीचभाव होता आणि तो जायलाच हवा. परंतु त्या व्यवस्थेत गाणाऱ्याला एक ठाऊक असे, की हे दार आपले आहे आणि पुढच्या वर्षीही ते उघडे असणार आहे.

मंचाचे दार तसे नसते. २०२२ च्या जानेवारीत ‘काना यारी’ या बलुची गीतामुळे वहाब बुगटी हे लोकगायक एका रात्रीत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या महापुरात त्यांचे घर कोसळले आणि कुटुंबासह उघड्यावर आलेल्या या गायकाची छायाचित्रे जगाने पाहिली. पूर कोणा कंपनीने आणला नव्हता आणि नंतर मदतीचे हातही पुढे आले. पण लाखो कानांपर्यंत पोहोचलेल्या गायकाचे घर मातीचेच होते, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

येथे कायद्याचीही बाजू आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क सामान्यत: निर्मात्याकडे असतो आणि तो साठ वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाला संरक्षण दिले. पण पिढ्यान्‌पिढ्या मुखाने चालत आलेल्या गीताचा कर्ता कोण? ज्याला नाव नाही त्याला हक्क नाही. ज्याने गीत सातशे वर्षे जपले तो बाजूला राहतो आणि ज्याने ते सात मिनिटांत मुद्रित केले तो मालक ठरतो.

मग केवळ कंपनीला दूषणे देऊन भागेल काय? कंपनी रिकाम्या जागेत शिरली. ती जागा रिकामी केली कोणी? यजमानाने. म्हणजे आपण.

आपल्याच घरांकडे पाहू या. तुळजाभवानी, रेणुका, खंडोबा ही आपली कुलदैवते. विवाहानंतर गोंधळ वा जागरण हा कुलाचार. संबळ, तुणतुणे, दिवटी घेऊन गोंधळी येई आणि रात्रभर आख्यान रंगे. आज कित्येक सुशिक्षित घरांत तो तासाभरात उरकला जातो आणि रात्र डीजेला दिली जाते. त्याच घरातील मुलगा भ्रमणध्वनीवर ‘जुगनी’ ऐकून म्हणतो, लोकसंगीत किती थोर! त्याचे काय चुकले? त्याला थोर वाटावे असे आपल्या अंगणात आपण काय ठेवले?

मार्ग अवघड नाही. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंदा या खेड्यात रूपायन संस्थान उभारले, तेव्हा त्यांच्यापाशी कोणाची नाममुद्रा नव्हती. ऐकण्याची निष्ठा होती. लंगा-मांगणियारांची गाणी त्यांनी गायकांच्या दारी बसून जतन केली. तीच निष्ठा आपल्या वस्तीत, आपल्या कुळात आणता येईल. घरच्या कार्यात गोंधळ्याला मानाने बोलवावे आणि आख्यान पुरे होऊ द्यावे. त्याचे मानधन आधी ठरवून सन्मानाने द्यावे. ती भिक्षा नव्हे. मुलांना त्याच्यासमोर बसवावे आणि दिवटी त्यांच्या हाती द्यावी. ध्वनिमुद्रण करायचे तर त्याच्या अनुमतीने, त्याच्या नावाने, त्याच्या गावाच्या उल्लेखासह करावे आणि त्यातून काही मिळाले तर ते त्याच्याच घरी जावे. आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलवावे, कारण यजमान तोच, जो पुन्हा बोलावतो.

मुलांनी कोक स्टुडिओ ऐकू नये, असे येथे कोणी सांगणार नाही. त्यांनी तो अवश्य ऐकावा. मात्र गाण्यात जोगी आला की जवळ बसून त्यांना टिल्ल्याची गोष्ट सांगावी, गहिनीनाथांचे नाव सांगावे, रुक स्थानकावर कोसळलेल्या भगताची आठवण द्यावी. टिल्ल्यावरची धुनी आपल्या हाती राहिली नाही. देवघरासमोरची दिवटी अजून आपल्या हाती आहे. तिच्यात तेल घालण्यासाठी कोणी प्रायोजक येणार नाही.