दोन दुखणी, एक देह

एका दुखण्यावर घराचे सारे लक्ष खिळले, म्हणजे दुसरे दुखणे निमूटपणे आपले काम करीत राहते. गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि मधुमेह एकाच स्त्रीच्या वाट्याला आले, तर नेमके असेच घडते. कर्करोगाच्या नावाने घर हादरते. साखरेची गोळी मात्र फडताळात पडून राहते. आणि ह्या पडून राहिलेल्या गोळीचा संबंध त्या स्त्रीच्या आयुष्याच्या लांबीशी आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यात बेला, जैनथ ह्या भागांत मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. १९५६ पर्यंत हा मुलूख नांदेड-परभणीसह एकाच हैदराबाद राज्यात होता. येथील मुख्य पीक कापूस, आणि वेचणीचा भार स्त्रियांवर. अंगावरून पांढरे जाते, पाळी थांबून वर्षे लोटल्यावर पुन्हा रक्त दिसते, तरी वेचणी संपेपर्यंत त्याचा उच्चार होत नाही. लोक ज्याला ‘पिशवीचे दुखणे’ म्हणतात, ते अशा रीतीने पुढच्या पायरीवर जाते.

हा कर्करोग साखरेने होत नाही. त्याचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूत आहे. ते दाखवून देणारे जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु रोग जडल्यानंतर रुग्णा किती काळ जगेल, ह्यावर मधुमेहाची छाया पडते. तैवानमध्ये व अन्यत्र झालेल्या पाहण्यांत मधुमेही स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण इतरांहून कमी आढळले. त्यांतील काही फरक वाढत्या वयाचा व इतर व्याधींचा असू शकेल. पण साखर उपचाराच्या आड कशी येते, हे समजण्याजोगे आहे.

रोग पसरला असता किरणोपचार आणि त्याच्या जोडीला दर आठवड्यास सिस्प्लॅटिन हे औषध देतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तिसऱ्या अवस्थेतील साडेआठशे स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. केवळ किरणांवर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रिया शंभरांत ४६ होत्या. औषधाची जोड मिळताच त्या ५४ झाल्या. हे औषध मूत्रपिंडांना जड जाते, नसांनाही इजा करते. अनियंत्रित मधुमेह त्याच दोन अवयवांना आधीच पोखरीत असतो. मूत्रपिंडे थकलेली आढळली, की वैद्यांना मात्रा कमी करावी लागते वा औषध थांबवावे लागते, आणि त्याच्या लाभाला रुग्णा मुकते. शिवाय उलट्या आवरण्यासाठी दिले जाणारे स्टेरॉइड साखर आणखी चढविते. चढलेल्या साखरेत जंतुसंसर्ग लवकर होतो, जखम उशिरा भरते. बाहेरून व आतून द्यावयाचे सारे किरण शक्यतो आठ आठवड्यांत पुरे व्हावेत असा दंडक आहे. तापाने वा जखमेने त्यात खंड पडला, तर त्या खंडाचा लाभ रोगाला मिळतो.

म्हणून दोन चुका टाळावयास हव्यात. पहिली, मधुमेह लपविणे. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी व जुने रक्ताचे अहवाल कर्करोगाच्या वैद्यापुढे पहिल्याच दिवशी ठेवले पाहिजेत. दुसरी, ‘आधी साखर उतरू द्या, मग पाहू’ म्हणून घरच्या घरी महिनेच्या महिने घालविणे. साखर आणि कर्करोग ह्यांचे उपचार जोडीने, वैद्यांच्या देखरेखीखाली चालतात. त्यातच उलट्यांमुळे जेवण तुटले आणि गोळी वा इन्शुलिन पूर्वीच्याच मात्रेने घेतले, तर साखर एकाएकी खाली उतरून जिवावर बेतते. अशा दिवशी मात्रा स्वतः ठरवू नये, रुग्णालयात विचारावे.

आदिलाबादला २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. खास कर्करोगाच्या उपचारासाठी मात्र हैदराबादची मेहदी नवाज जंग संस्था किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय गाठावे लागते. एवढ्या दूरच्या वाटेवर एक फेरी चुकली, की दुसरीही चुकते.

ह्याहून बरे म्हणजे ती वाट चालण्याची वेळच न येणे. पूर्वीच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या प्रयोगात ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश होता. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. ज्या गावांत विषाणूची एकच तपासणी स्त्रियांना देऊ केली गेली, तेथे ह्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याच्या जवळपास घटले, असे २००९ साली जाहीर झाले. शेतकऱ्यांच्या घरच्या त्या स्त्रिया बेल्याच्या वा जैनथच्या स्त्रियांहून निराळ्या नव्हेत.

सरकारी आरोग्य योजनेत तिशी ओलांडलेल्या स्त्रीची साखर, रक्तदाब आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी ह्या तिन्ही गोष्टी एकत्रच धरल्या आहेत. बोटाला सुई टोचून घेण्यास कोणी लाजत नाही. दुसऱ्या तपासणीला मात्र पाय अडखळतो. तो संकोच सासूने, नणंदेने, आशाताईने आणि नवऱ्यानेही दूर करावयाचा आहे. रक्ताच्या थेंबासाठी जी स्त्री केंद्रावर गेली, ती दुसरी तपासणी करविल्याखेरीज परत येऊ नये. कापूस आठ दिवस थांबू शकतो. हा रोग थांबत नाही.