वर्ग पाडताना



आज मला वारंवारता सारणीबद्दल बोलायचे आहे. आलेख सगळ्यांना आवडतात. संगणकात सामग्री भरली की स्तंभालेख, आयतालेख, वृत्तालेख, हवा तो क्षणात समोर येतो. त्यामागच्या सारणीतले वर्ग कोणी पाडले, ते किती रुंदीचे घेतले, पहिला वर्ग कुठून सुरू केला, हे विचारायची सवय मात्र आपण मुलांना लावलेली नाही. आलेखात काय दिसणार आणि काय झाकले जाणार, याचा बराचसा निकाल सारणी करतानाच लागलेला असतो, असे माझे ठाम मत आहे.

जनगणनेतले वय घ्या. प्रगणक दारात उभा राहून घरातल्या प्रत्येकाचे वय विचारतो. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसे अंदाजाने सांगतात, आणि अंदाज तीस, पस्तीस, चाळीस अशा आकड्यांवर येऊन थांबतो. आपल्या जनगणनेची एकेका वर्षाची वयसारणी उघडलीत तर ३० समोर भली मोठी संख्या दिसेल आणि २९ व ३१ समोर तिच्यापेक्षा कितीतरी लहान. हे ढीग मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतली जी माणसे शेवटी शून्य किंवा पाच असलेले वय सांगतात, त्यांची संख्या पाचने गुणायची, त्या वयोगटातल्या एकूण माणसांनी भागायची आणि शंभराने गुणायचे. कोणत्याही आकड्याकडे ओढा नसेल तर उत्तर १०० च्या आसपास येते. सगळ्यांनीच गोल आकडा सांगितला तर ५००.

आता तीच माणसे २५–२९, ३०–३४, ३५–३९ अशा वर्गांत भरा. ढीग बघता बघता विरतात, आयतालेख बराच सपाट होतो आणि पाहणाऱ्याला वाटते की सामग्री निर्दोष आहे. पण ३० चा ढीग इथे वर्गाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. २८ वर्षांचा जो माणूस ‘तीस’ म्हणाला, तो आपला वर्ग सोडून पुढच्या वर्गात गेला. हेच वर्ग २८–३२, ३३–३७ असे पाडले तर ३० मधोमध येतो, आणि अलीकडून-पलीकडून त्याच्याकडे सरकलेली बरीचशी माणसे आपल्याच वर्गात राहतात. माणसे तीच, वर्गाची रुंदी तीच, फक्त सुरुवात बदलली आणि प्रत्येक वर्गाची वारंवारता बदलली. जगभर तुलना करता यावी म्हणून ०–४, ५–९ ही पद्धत रूढ झाली आहे, आणि ती मोडा असे मी म्हणत नाही. ती निवडताना काय गमावले हे सांगणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. ज्या ढिगाला आपण दोष समजून पुसतो, त्या ढिगातच त्या समाजाच्या साक्षरतेची आणि जन्मनोंदीची हकीगत असते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. नोंदी जसजशा होत जातात तसतसे हे ढीग खाली बसायला हवेत, आणि ते बसले की नाही हे एकेका वर्षाच्या सारणीतच तपासता येते.

पावसाचेही असेच. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. संपूर्ण जिल्ह्याचा मध्य काढलात तर माणच्या शेतकऱ्याला त्या आकड्याचा काहीच उपयोग नाही. पर्जन्यमापकांच्या नोंदी वर्गांत मांडल्या की घाट आणि दुष्काळी पट्टा वेगळे दिसू लागतात. मात्र इथे वर्ग समान रुंदीचे ठेवणे अवघड जाते, आणि रुंदी असमान झाली की आयताची उंची वारंवारतेइतकी घेऊन चालत नाही. वारंवारतेला वर्गाच्या रुंदीने भागावे लागते, कारण आयतालेखात क्षेत्रफळ बोलते. ही गोष्ट वर्गात घाईघाईने उरकली जाते, याचे मला दुःख आहे. याच जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातल्या बुध गावी १९११ मध्ये संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. शेतातल्या पिकाचा अंदाज नजरेने न बांधता नमुन्याने निवडलेल्या तुकड्यातले पीक कापून, तोलून बांधावा, ही पद्धत देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सारणीत जाणारा आकडा शेताच्या बांधावर कसा जन्मतो, याकडे त्यांनी लक्ष दिले.

आता आलेखातल्या एका पेचाकडे येतो. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. स्तंभालेख काढताना अक्ष शून्यापासून सुरू करा असे आपण शिकवतो, आणि ते बरोबरच आहे, कारण स्तंभाची लांबी हेच त्याचे म्हणणे असते. पण या तीन आकड्यांचे स्तंभ शून्यापासून काढले तर तिन्ही जवळजवळ सारखे दिसतात, आणि हजारो न जन्मलेल्या मुली त्या सारखेपणात नाहीशा होतात. इथे स्तंभ सोडावा आणि रेषालेख घ्यावा. रेषालेखात चढउतार महत्त्वाचा, म्हणून अक्ष ८५० पासून घेता येतो; मात्र तो तुटक आहे ही खूण ठळक दाखवलीच पाहिजे. त्यापुढे जिल्ह्यांची सारणी करा. २०११ मध्ये बीडचा आकडा ८०७ होता आणि गडचिरोलीचा साडेनऊशेच्या वर. ‘९०० पेक्षा कमी’ असा एकच मोठा वर्ग केलात तर बीड इतर जिल्ह्यांच्या घोळक्यात दडून जाईल. असा वर्ग पाडणारा हात निष्काळजी असेल, तर त्याची किंमत कोणी मोजायची?

म्हणून गणित आणि संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. ताळ्याच्या खुणा मुलांना हाताने करायला लावा. उंचीच्या यादीत १५२ ऐवजी १५.२ पडले असेल तर खूण करणारे पोर थबकते; यंत्र तो आकडाही मुकाट कुठल्यातरी वर्गात टाकते. वर्ग आयते देऊ नका. घरून शाळेत यायला किती मिनिटे लागतात, एवढे शाळेतल्या सगळ्या मुलांना विचारून यादी करू द्या. उत्तरे दहा, पंधरा, तीस अशीच येतील, आणि १०–१४ असा वर्ग पाडायचा की ८–१२ असा, हा वाद मुलांमध्ये आपोआप सुरू होईल. दुपारच्या सत्रात अशा प्रश्नांचा एक नमुना संच आपण मिळून तयार करू. त्यात निम्मे गुण सारणी आणि आलेखाला ठेवू, आणि उरलेले निम्मे, हेच वर्ग का घेतले याचे कारण चार ओळींत लिहिण्याला.